शाळा चालवायला कोण शिकणार?

(तरुण शिक्षक-शिक्षिकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे संपादित रूप)



समोर बसलेल्यांपैकी बहुतेक जण शाळेत शिकवणारे आहात. कुणी जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत, कुणी संस्थेच्या हायस्कुलात, काही जणी इंग्रजी माध्यमाच्या छोट्या शाळांत तुटपुंज्या पगारावर. काही अजून शिक्षण सेवक आहेत, काही पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसले आहेत. संयोजकांनी मला विषय दिला तो 'नोकरी सांभाळून पुढचं शिक्षण' असा. या विषयावर बोलायला आलेला पाहुणा बहुधा एम.ए. करा, सेट-नेट द्या, जमलं तर पीएच.डी. करा असं सांगतो आणि चहा घेऊन जातो. मी आज एकाच शिक्षणाबद्दल बोलणार आहे आणि ते बहुतेकांच्या यादीत नसतं. ते म्हणजे शाळा चालवण्याचं शिक्षण. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून नेमकं काय करायचं असतं, याचं पदवीनंतर, नोकरी करता करता घ्यायचं रीतसर शिक्षण.

सुरुवात एका कायद्यापासून करते. कंटाळू नका, हा कायदा तुमच्या रोजच्या कामाचा आहे. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांमधल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ साली झाला आणि त्याचे नियम १९८१ साली आले. 'एमईपीएस' म्हणून तुम्ही तो ऐकला असेल. स्टाफरूममध्ये भांडण लागलं की सगळे त्याचंच नाव घेतात. माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक होण्यासाठी त्यात काय मागितलंय? पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा शिकवण्याचा अनुभव, त्यातली किमान दोन वर्षं बी.एड. नंतरची. या अटी पूर्ण करणाऱ्यांमध्ये जो सेवाज्येष्ठ आणि ज्याचं रेकॉर्ड समाधानकारक, त्याची नेमणूक. बस. या माणसाला किंवा बाईला शाळा चालवता येते का, हा प्रश्न नियमात कुठेच नाही. पंचवीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस एका सकाळी उठून अंदाजपत्रक, तक्रारी, नेमणुका, पोषण आहार आणि चाळीस शिक्षकांच्या रजा सांभाळायला लागतो. त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं.

आता याच कायद्यातलं एक छोटं पोटकलम बघा. कलम ३ चं पोटकलम २. त्यात म्हटलंय की अल्पसंख्याक शाळेच्या प्रमुखाच्या नेमणुकीला हा कायदा लागू नाही. प्रमुखाखेरीज आणखी जास्तीत जास्त तीन व्यक्तींची नावं संस्थेनं शिक्षण संचालकांना कळवली तर त्यांनाही नाही. म्हणजे आपल्या संस्थांना ज्येष्ठतेची यादी बाजूला ठेवून मुख्याध्यापक निवडता येतो. संविधानाच्या अनुच्छेद ३० मधून हा हक्क येतो. १९९८ साली केरळमधल्या एमजे हायस्कूलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो स्वच्छ शब्दांत मान्य केला. ती मुस्लिम व्यवस्थापनाची शाळा होती. ज्येष्ठ शिक्षकाला डावलून व्यवस्थापनानं बाहेरची पात्र व्यक्ती मुख्याध्यापक म्हणून आणली होती आणि न्यायालयानं सांगितलं की पात्रतेच्या अटी पाळून अशी निवड करायला अल्पसंख्याक संस्था मोकळी आहे. त्या निकालात मुख्याध्यापकाला चाकाच्या तुंब्याची उपमा दिलीय. सगळे आरे त्यात बसवलेले असतात आणि त्याच्याभोवतीच फिरतात.

हक्क मोठा आहे. आपण त्याचं काय केलं?

मी वेगवेगळ्या शाळांशी कामानिमित्त संबंध असलेली बाई आहे, म्हणून जे दिसतं ते सांगते. काही संस्थांमध्ये हा हक्क अध्यक्षांच्या मेहुण्यापर्यंत किंवा सेक्रेटरींच्या सुनेपर्यंत येऊन थांबतो. याबद्दल फार बोलत नाही, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त किस्से माहीत आहेत. काही संस्था भांडण नको म्हणून ज्येष्ठतेनंच जातात. ते निदान प्रामाणिक आहे. तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो चांगल्या हेतूनं होतो. शाळेतल्या सगळ्यात चांगल्या गणिताच्या सरांना, दहावीचा निकाल ज्यांच्या जिवावर उभा आहे त्यांना, बक्षीस म्हणून मुख्याध्यापक करतात. शाळेनं त्या दिवशी एक उत्तम गणित शिक्षक गमावलेला असतो आणि त्याच्या बदल्यात तिला शालार्थच्या पगारबिलात अडकलेला, संचमान्यतेच्या काळजीनं झोप उडालेला, केबिनमध्ये चिडचिड करणारा एक सदर मुदर्रिस मिळालेला असतो.

शाळा चालवणं हे शिकवण्यापेक्षा वेगळं काम आहे. ते मोठं किंवा छोटं आहे असं मी म्हणत नाही, वेगळं आहे. वेगळ्या कामाचं वेगळं शिक्षण लागतं हे आपण दवाखान्याच्या, बँकेच्या, अगदी हॉटेलच्या बाबतीत चटकन मान्य करतो. शाळेच्या बाबतीत मात्र 'अनुभवानं येतं' म्हणतो.

अनुभवानं काही प्रमाणात येतंही. पण त्यावर बरंच संशोधन झालंय, त्यातली दोन-तीन नावं सांगते. केनेथ लीथवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली इंग्लंडमध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. मुलांच्या शिकण्यावर शाळेतल्या ज्या गोष्टींचा परिणाम होतो, त्यात वर्गातल्या शिकवण्याच्या खालोखाल शाळेच्या नेतृत्वाचा क्रमांक लागतो, असं त्यांनी मांडलं. २०१५ साली निकोलस ब्लूम आणि इतर अर्थशास्त्रज्ञांनी आठ देशांतल्या १,८०० हून अधिक शाळांचं व्यवस्थापन कसं चालतं ते मोजलं. जिथे व्यवस्थापन चांगलं तिथे मुलांचे निकालही चांगले आढळले. त्या आठ देशांत व्यवस्थापनाच्या गुणांमध्ये शेवटचा क्रमांक भारताचा होता. आणि न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन यांनी २००८ साली दाखवलं की मुख्याध्यापक करत असलेल्या सगळ्या कामांत मुलांच्या शिकण्यावर सर्वात जास्त परिणाम करणारं काम म्हणजे शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः सामील होणं. परिपत्रक काढून प्रशिक्षणाला पाठवणं यात येत नाही. स्वतः शेजारी बसणं येतं.

हे ऐकायला बरं वाटतं, पण शेजारी बसायचं म्हणजे काय करायचं? इथे अभ्यासक्रमाचा उपयोग सुरू होतो. म्हणून मी एकाच गोष्टीवर जरा थांबते: पाठाचं निरीक्षण.

आपल्या शाळांत मुख्याध्यापक वर्गावर येतात तेव्हा काय होतं ते आठवा. मुलं उभी राहतात. सर किंवा मॅडम मागे बसतात, पाच-सात मिनिटांनी टाचणवही मागवतात, लाल पेनानं सही करतात. लॉगबुकात लिहिलं जातं: 'फलक लेखन ठीक. आवाज स्पष्ट. शैक्षणिक साधनांचा वापर वाढवावा.' हेच वाक्य गेली तीस वर्षं महाराष्ट्रभर लिहिलं जातंय. ते वाचून कुठल्या शिक्षकानं दुसऱ्या दिवशी काय वेगळं केलं असेल? आता शालेय नेतृत्वाच्या कुठल्याही बऱ्या अभ्यासक्रमात हे कसं शिकवतात बघा. आधी शिक्षिकेशी बोला, तिला कशाकडे लक्ष हवंय ते विचारा. समजा ती म्हणाली, मागच्या दोन रांगा बोलतच नाहीत. मग वर्गात बसून फक्त मागच्या दोन रांगा बघा. कुणाला किती प्रश्न विचारले गेले, कुणी उत्तर दिलं, प्रश्नानंतर बाई किती वेळ थांबल्या, हे कागदावर आकडे आणि रेघा मारून टिपा. मत लिहू नका. त्याच दिवशी, डबा खाताना चालेल, तो कागद तिच्यासमोर ठेवा आणि तिलाच वाचू द्या. तीच म्हणेल, 'अरे, मी सगळे प्रश्न पुढच्या सहा जणांनाच विचारले की!' पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.

एवढंच. यात पैसा नाही, प्रोजेक्टर नाही. पण हे न शिकता आपोआप करणारा मुख्याध्यापक मी फार कमी पाहिलाय, कारण आपल्या स्वतःच्या पाठीवर कुणी असं बसलेलं नसतं. मत न देता पाहणं ही सवय आहे आणि ती लावून घ्यावी लागते. बी.एड. च्या सराव पाठांतही आपण गुण मिळवायला शिकतो, पाहायला शिकत नाही.

दुसरी गोष्ट वेळापत्रक. वेळापत्रक हे शाळेतलं सगळ्यात मोठं धोरण आहे, भिंतीवर लावलेलं असतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. कुठल्या वर्गाला कोण दिलं जातं ते तपासा. चांगले शिक्षक दहावीला, नवे आणि तासिका तत्त्वावरचे पाचवीला. पाचवीत वाचायला न शिकलेलं मूल आठवीत गप्प बसायला लागतं आणि मग त्याला दहावीत चांगले सर भेटले तरी उशीर झालेला असतो. हे बदलायचं ठरवलं तर ज्येष्ठ शिक्षकांचा मान, पालकांची भीती आणि संस्थेला जाहिरातीत लावायचा निकाल, या तिन्हींशी सामना आहे. तो कसा करायचा, कुणाशी आधी बोलायचं, बैठकीत काय मांडायचं आणि बैठकीआधी काय, याचाही अभ्यास असतो. त्यात प्रत्यक्ष शाळांच्या हकिकती वाचायला देतात आणि 'तुम्ही काय केलं असतं' असं विचारतात. वेगवेगळ्या शाळांतले तीस शिक्षक त्यावर भांडतात. मला वाटतं अशा अभ्यासक्रमाचा अर्धा फायदा त्या भांडणात असतो. आपण आपल्याच शाळेची रीत म्हणजे जगाची रीत समजत असतो. आश्रमशाळेतला मुख्याध्यापक, कॉन्व्हेंटमधली सिस्टर आणि महानगरपालिकेच्या उर्दू शाळेतली शिक्षिका एका टेबलावर बसल्या की ते उतरतं.

आता एक उदाहरण सांगते, जे मला फार शिकवून गेलं. मराठवाड्यातल्या एका उर्दू शाळेतली शिक्षिका अशा एका अभ्यासक्रमाला होती. शाळा सातवीपर्यंत. तिला प्रकल्प करायचा होता: आपल्या शाळेतला एक प्रश्न घ्या, माहिती गोळा करा, काही बदल करून पाहा. तिनं जनरल रजिस्टर काढलं आणि मागच्या चार वर्षांत सातवीनंतर दाखला नेलेल्या मुलींची यादी केली. मग एकेका घरी गेली. शाळेत सगळ्यांना कारण पाठ होतं: गरिबी, लग्न, बापाचा विरोध. काही घरांत ते खरंही निघालं. पण कितीतरी घरांत दाखला कपाटात पडून होता. मुलीला पुढे शिकायचं होतं, आईचीही ना नव्हती. हायस्कूल दुसऱ्या गावात. एसटीचा पास मुलींना मोफत, पण गाडी शाळा भरल्यावर पोचायची. आणि तिथलं माध्यम मराठी. विज्ञान मराठीतून कसं झेपेल ही धास्ती. 'नापास होऊन बसण्यापेक्षा घरी बरी', असं एका मुलीनं स्वतःच सांगितलं.

त्या बाईनं तीन कामं केली. मुलींचे दाखले एकेकटे न देता, पालकांना सोबत घेऊन, हायस्कूलमध्ये एकाच दिवशी प्रवेश करून दिले. ग्रामपंचायतीच्या ठरावासह आगाराला गाडीच्या वेळेचा अर्ज दिला. आणि सहावी-सातवीच्या मराठीच्या तासाला विज्ञान-गणिताचे मराठी शब्द घेतले: प्रकाशसंश्लेषण, लसावि, घनफळ. पुढच्या जूनमध्ये सगळ्या मुली गेल्या असं झालं नाही. आधीपेक्षा जास्त गेल्या. ती त्या वेळी मुख्याध्यापिका नव्हती, साधी सहशिक्षिका होती.

सच्चर समितीनं २००६ साली सांगितलं होतं की देशातल्या ६ ते १४ वयोगटातल्या मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा शाळा सोडून बसली. हा आकडा आपण भाषणांत पुष्कळ वापरला. सरकारला विचारायला तो वापरलाच पाहिजे. पण प्रत्येक शाळेत या आकड्याचा आपला आपला तुकडा जनरल रजिस्टरमध्ये पडलेला असतो. दरवर्षी यू-डायसचा फॉर्म भरताना आपण ती माहिती वर पाठवतो आणि स्वतः वाचत नाही. स्वतःच्या शाळेचा आकडा वाचता येणं हे या शिक्षणातलं माझ्या मते सगळ्यात उपयोगी कौशल्य आहे.

इथे एक शंका रास्त आहे. पदविका मिळाली, भिंतीवर लावली, शाळा तशीच. होतं की असं! मध्य प्रदेशात सरकारनं शाळांचं मूल्यमापन करून प्रत्येक शाळेनं सुधारणेचा आराखडा बनवायचा असा कार्यक्रम राबवला होता. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी त्याचा मोठा अभ्यास केला. आराखडे बनले, नीटनेटके बनले, आणि शाळेतल्या वागण्यात किंवा मुलांच्या शिकण्यात काही फरक पडला नाही. कागद वर गेला, काम तिथंच राहिलं. त्यामुळे अभ्यासक्रम निवडताना माझी एकच कसोटी आहे: तो तुम्हाला तुमच्याच शाळेत काहीतरी करून पाहायला लावतो का? नोकरी करणाऱ्या माणसाला हा मोठा फायदा असतो. सोमवारी वाचलेलं मंगळवारी वर्गात तपासता येतं. पूर्णवेळ विद्यार्थ्याला ती सोय नसते. गाईड विकत घेऊन, स्वाध्याय उतरवून काढून पदविका मिळवायची असेल तर ते पैसे घरात वापरा.

आता पर्याय. एम.एड. आता दोन वर्षांचं नियमित शिक्षण आहे. नोकरीतल्या माणसाला रजा काढल्याशिवाय ते अवघड. म्हणून दूरस्थ आणि मिश्र पद्धतीकडे बघा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या जुन्या ओळखीची आहे, आणि ती मराठीतून आहे. बढतीच्या कागदासाठी ती करणारे खूप. तुम्ही ती वाचून करा, पुस्तकं चांगली आहेत. इग्नूची शालेय नेतृत्व व व्यवस्थापन या विषयाची पदव्युत्तर पदविका आहे. हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठानं दूरस्थ विभागात शालेय नेतृत्व व व्यवस्थापनाची पदविका आणली आहे. उर्दू माध्यमात शिकलेल्यांना, इंग्रजी वाचताना दम लागणाऱ्यांना ती सोपी जाईल. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं २००६ साली नोकरी करणाऱ्यांसाठी शिक्षणातली एम.ए. सुरू केली होती. काही आठवडे संस्थेत, बाकी घरून वाचन आणि लेखन, अशी तिची रचना. असे कार्यक्रम बदलत राहतात, कधी बंदही होतात, म्हणून यंदाची प्रवेशसूचना बघितल्याशिवाय कुणाचंच ऐकू नका, माझंही. दूरस्थ अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, हे आधी तपासा. 'घरबसल्या तीन महिन्यांत' अशा जाहिराती आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर भरपूर फिरतात.

एवढी तयारी नसेल तर छोटी सुरुवात आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेत, म्हणजे निपामध्ये, २०१२ साली राष्ट्रीय शाळा नेतृत्व केंद्र सुरू झालं. त्यांनी शाळाप्रमुखांसाठी अभ्यासाची चौकट बनवली आहे: स्वतःचा विकास, शिकणं-शिकवणं बदलणं, गट बांधणं, नवे उपक्रम, भागीदारी, प्रशासन. त्यांचं साहित्य आणि ऑनलाइन कार्यक्रम मोफत पाहता येतात. प्रशासन त्यांच्या यादीत शेवटी येतं हे लक्षात घ्या. आपल्याकडे मुख्याध्यापकाचा दिवस तिथंच सुरू होऊन तिथंच संपतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही मुख्याध्यापकांनी वर्षाला ५० तास नेतृत्व आणि व्यवस्थापनाचं शिक्षण घ्यावं असं म्हटलंय.

तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, आधी टीईटीचं बोला. बरोबर आहे. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सेवेत पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी पास होणं बंधनकारक ठरवलं, आणि बढतीलाही ती लागेल असं सांगितलं. अल्पसंख्याक शाळांचा मुद्दा मात्र मोठ्या खंडपीठाकडे सोपवला. त्या खटल्यात महाराष्ट्रातल्याच एका मुस्लिम शिक्षण संस्थेचं अपील होतं. पुढे काय होतं ते वकिलांवर सोडून तुम्ही परीक्षा द्या. 'आपल्याला लागू नाही' म्हणून न शिकण्यात कसला आलाय हक्क? पण टीईटी शिक्षकाची परीक्षा आहे. शाळा चालवण्याचा अभ्यास तिच्यात नाही, तो वेगळा करावाच लागेल.

मुलींना खास सांगायचंय. आपल्या प्राथमिक शाळांत बायका भरपूर आहेत, पण वर जावं तसतशा खुर्च्या पुरुषांच्या होत जातात. विचारलं की सांगतात, 'मॅडमना संध्याकाळच्या मीटिंगला थांबता येत नाही, शिक्षणाधिकारी कार्यालयात चकरा मारता येत नाहीत.' आपल्यातल्याही काही जणी हेच म्हणतात. संध्याकाळची मीटिंग दुपारी घेता येते. घरी अभ्यासाचं कसं जमवायचं, हा प्रश्न खरा आहे आणि त्याला माझ्याकडे जादू नाही. सासूबाईंशी, नवऱ्याशी आधी बोला. फी भरल्यावर बोलू नका. दोघी-तिघींनी एकत्र प्रवेश घ्या. ज्या एकट्या सुरू करतात त्या पहिल्या स्वाध्यायाला सोडतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. फजरनंतरचा एक तास कुणी मागत नाही, तो आपला.

सावित्रीबाईंचं नाव आपण घेतो. त्यांच्याबाबतीत एक गोष्ट कमी सांगितली जाते. शाळा चालवायला लागण्याआधी त्यांनी रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं, अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. तळमळ होतीच; तरी त्या शिकायला गेल्या. आणि १० ऑक्टोबर १८५६ चं त्यांचं एक पत्र आहे, जोतीरावांना लिहिलेलं. त्या आजारपणामुळे माहेरी नायगावला होत्या. पत्रात फातिमाचा उल्लेख येतो. आपण नसल्यामुळे तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा. फातिमा शेख यांच्याबद्दल बरंच काही सांगितलं जातं, त्यातलं किती कागदावर सापडतं यावर वादही चालतात. या पत्रातलं मला पुरेसं वाटतं. प्रमुख आजारी असताना काम सांभाळणारी दुसरी बाई तिथं होती. आज आपल्या किती शाळांत अशी दुसरी फळी आहे? मुख्याध्यापक हजला गेले की चाळीस दिवस शाळेत चेकवर सही कोण करणार, एवढाच प्रश्न असतो. वर्गांकडे कोण बघणार, हे कुणी विचारत नाही.

म्हणून खुर्ची मिळाल्यावर शिकू असं म्हणू नका. खुर्ची मिळाली की शिकायला वेळ नसतो. पाच-सात वर्षं नोकरी झालेल्या, अजून पर्यवेक्षकसुद्धा नसलेल्या माणसानं हा अभ्यास करावा. त्याचा उद्देश मुख्याध्यापक होणं हाच असायला हवा असंही नाही. शाळा समितीत शिक्षकांचा प्रतिनिधी असतो, तो अंदाजपत्रक वाचू शकला तरी संस्थेच्या बैठकीचा सूर बदलतो. बदललेला सूर सगळ्यांना आवडेल असं नाही, हेही सांगून ठेवते. शिकून आलेल्या माणसाला स्टाफरूममध्ये 'आले मोठे प्राचार्य' ऐकावं लागतं. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना सुधारायला निघू नका. आधी स्वतःच्या वर्गात करा, मग शेजारच्या वर्गातली मैत्रीण विचारेल.

प्रवेश घेण्याआधी संस्थेची लेखी परवानगी घ्या आणि तिची प्रत सेवापुस्तिकेत लावून घ्या, नाहीतर पुढे पदविकेची नोंद करताना क्लार्क तुम्हाला फिरवील.

शेवटचं, संस्थाचालकांबद्दल. मुंबईत १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम उभी राहिली. तिच्या संस्थापकांत बदरुद्दीन तय्यबजी होते, वकिली करणारा कामात बुडालेला माणूस. दीडशे वर्षांत आपल्या लोकांनी पै-पै जमवून गावोगावी इमारती उभ्या केल्या. इमारतीसाठी आपण चंदा मागतो, लोक देतात. मुख्याध्यापकाच्या शिक्षणासाठी कुणी कधी चंदा मागितलाय? एका पदविकेची फी एका पंख्याच्या, फार तर दोन पंख्यांच्या देणगीत बसते, आणि पंख्यावर जसं देणगीदाराचं नाव लिहितात तसं हवं तर पदविकेवरही लिहा!

तुम्ही एक अर्ज करा. एक पान पुरे. तुमच्या संस्थेच्या सेक्रेटरींना लिहा की पुढच्या दोन-तीन वर्षांत मुख्याध्यापकांची जागा रिकामी होईल तेव्हा निवड कशी होणार आहे, आमच्यापैकी कुणी शालेय व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलं तर त्याचा विचार होणार का, आणि फीचा अर्धा वाटा संस्था उचलेल का. सहीला चार-पाच जण असा. उत्तर येणार नाही कदाचित. महिन्यानं पुन्हा द्या, आवक क्रमांक घालून. कलम ३, पोटकलम २ चा उल्लेख करायला विसरू नका. बऱ्याच सेक्रेटरींनी ते वाचलेलं नसतं, आणि ज्यांनी वाचलंय त्यांना तुम्हीही वाचलंय हे कळू द्या.

अर्जाचा एक नमुना मी करून आणला आहे, मराठीत आणि उर्दूत. दाराजवळच्या टेबलावर आहे. अभ्यासक्रमांची नावंही त्याच्या मागच्या बाजूला छापली आहेत. मी संध्याकाळच्या गाडीनं जाणार आहे, तोवर इथेच आहे. ज्यांना आपल्या शाळेचं वेळापत्रक किंवा जनरल रजिस्टरमधली यादी घेऊन बसायचंय, त्यांनी जेवणानंतर या.